जुने स्टिरिओ स्पीकर संगणकास जोडणे

जुने स्टिरिओ स्पीकर संगणकास जोडणे म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक किंवा रेडिओ-संच यांच्यासोबत घरात आलेले स्पीकर घरगुती संगणकावरील ध्वनी ऐकण्यासाठी पुन्हा उपयोगात आणणे होय. मराठीत स्पीकरला ‘ध्वनिक्षेपक’ असा पारिभाषिक शब्द आहे. व्यवहारात मात्र ‘स्पीकर’ हाच शब्द रूढ आहे. जुन्या स्पीकरच्या पेटीत स्वतःचा ॲम्प्लिफायर, म्हणजे संकेत सबळ करणारा विवर्धक, नसतो. अशा स्पीकरना निष्क्रिय स्पीकर म्हणतात. संगणकाच्या सॉकेटमधून बाहेर येणारा विद्युत संकेत या स्पीकरचा पडदा नीट हलवण्याइतका सबळ नसतो. त्यामुळे संगणक आणि स्पीकर यांच्यामध्ये योग्य ॲम्प्लिफायर असणे ही या जोडणीची मूलभूत अट आहे.

जुन्या स्पीकरची पिन संगणकात बसत नाही, किंवा कशीबशी बसवली तरी आवाज अगदी क्षीण येतो. त्यावरून स्पीकर निकामी झाले असा समज होतो आणि चांगल्या लाकडी पेट्या भंगारात जातात. प्रत्यक्षात अनेकदा स्पीकरमध्ये दोष नसतो. केवळ मधला दुवा नसतो. याउलट घाईने केलेल्या चुकीच्या जोडणीत स्पीकर, ॲम्प्लिफायर किंवा संगणकाचे ध्वनिमंडल कायमचे निकामी होऊ शकते. म्हणून जोडणीपूर्वी तिची कार्यपद्धती समजून घेणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

आज प्रचलित असलेल्या स्पीकरची रचना प्रामुख्याने चल वेटोळ्याच्या तत्त्वावर आधारलेली आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली या प्रकारच्या स्पीकरचे विवेचन प्रसिद्ध केले. चुंबकाच्या फटीत ठेवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत प्रवाह गेला, की वेटोळे मागेपुढे हलते. त्याला चिकटवलेला कागदी शंकू हवेत कंपने निर्माण करतो आणि ध्वनी ऐकू येतो. शंभर वर्षांनंतरही हे तत्त्व बदललेले नाही. त्यामुळेच पन्नास वर्षांपूर्वीचा स्पीकर आजच्या संगणकाबरोबर चालू शकतो.

दोन स्वतंत्र वाहिन्यांतून ध्वनी नोंदवून ऐकवण्याच्या पद्धतीस स्टिरिओ म्हणतात. ब्रिटनमधील अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला. स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात येण्यास मात्र १९५७-५८ साल उजाडले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॉम्पॅक्ट कॅसेट आणली आणि १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीस आली. या काळात श्राव्यसंचाचे निरनिराळे भाग आणि दोन लाकडी स्पीकर अशी मांडणी मध्यमवर्गीय घरांत रूढ झाली.

भारतात फिलिप्सने १९३० साली कोलकात्यातून व्यवसायास आरंभ केला. मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यात होता. कोलकात्याची सोनोडाइन ही कंपनी १९७० साली स्थापन झाली आणि तिचे ॲम्प्लिफायर व स्पीकर देशभर पोहोचले. दिल्लीची अहुजा कंपनी मुख्यतः सभा-समारंभांच्या ध्वनियंत्रणेसाठी ओळखली जाते.

संगणकाचा इतिहास याहून वेगळा आहे. आयबीएमच्या १९८१ सालच्या वैयक्तिक संगणकात केवळ सूचक आवाज काढणारा एक लहान स्पीकर होता. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर हे ध्वनिकार्ड १९८९ साली आले आणि घरगुती संगणकावर संगीत ऐकण्याची सोय वाढत गेली. संगणकासाठी पुढे तयार झालेल्या स्पीकरच्या पेटीतच ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. त्यामुळे ‘स्पीकर थेट संगणकास जोडायचा असतो’ अशी समजूत रूढ झाली. जुन्या स्पीकरबाबत होणाऱ्या गोंधळाचे मूळ या समजुतीत आहे.

नागपूर आणि सदर

सदर हा नागपूर शहरातील जुन्या विभागांपैकी एक आहे. ब्रिटिश काळात छावणीच्या मुख्य बाजारपेठेस ‘सदर बाजार’ म्हणत. रेसिडेन्सी रोड हा येथील प्रमुख रस्ता असून मंगळवारी बाजारही याच विभागात आहे. शेजारच्या सिव्हिल लाइन्समध्ये आकाशवाणीचे नागपूर केंद्र आहे. हे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. विविध भारती ही आकाशवाणीची सेवा ३ ऑक्टोबर १९५७ पासून सुरू झाली. मध्यम लहरींवरील हे प्रसारण एकवाहिनी, म्हणजे मोनो, होते. त्यामुळे घरातील पहिला रेडिओ एकाच स्पीकरचा असे आणि दोन स्पीकरांचा स्टिरिओ संच पुढे रेकॉर्ड व कॅसेट यांच्या निमित्ताने येई.

सदरसारख्या विभागात जुने बंगले आणि नव्या सदनिका एकमेकांलगत आढळतात. मोठ्या घरातून सदनिकेत जाताना अवजड श्राव्यसंचाला जागा उरत नाही. प्रथम रेकॉर्ड प्लेअर जातो, मग टेप जातो आणि स्पीकर माळ्यावर चढतात. दिवाळीच्या साफसफाईत ते कबाड्याकडे जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. वास्तविक संगणकासोबत वापरण्यास टेबलाच्या दोन्ही बाजूंची थोडी जागा पुरेशी असते.

नागपूरच्या हवामानाचाही या वस्तूंवर परिणाम होतो. उन्हाळ्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि हवा अतिशय कोरडी असते. पावसाळ्यात आर्द्रता एकदम वाढते. या चढउतारामुळे पेटीवरील लाकडी पापुद्रा सुटतो, डिंक सैल होतो आणि शंकूभोवतीची फोमची कड ठिसूळ होते. घराघरांतील वाळ्याच्या कूलरची ओलसर हवा थेट स्पीकरवर येत असल्यास कागदी शंकूवर बुरशी धरू शकते. माळ्यावर ठेवलेल्या पेटीस वाळवी लागलेली नाही ना, हेही पाहावे लागते. पिना, तारा, कपॅसिटर आणि तयार ॲम्प्लिफायर पट्ट्या यांसाठी सदरच्या रहिवाशांना सीताबर्डीची बाजारपेठ जवळ पडते.

ॲम्प्लिफायरची आवश्यकता

संगणकाच्या हिरव्या सॉकेटमधून किंवा लॅपटॉपच्या हेडफोनच्या सॉकेटमधून साधारणतः १ व्होल्टच्या आसपासचा संकेत मिळतो. हेडफोनचा संरोध बहुधा १६ ते ३२ ओहम किंवा त्याहून अधिक असतो आणि तो थेट कानाजवळ असल्याने त्यास काही मिलिवॉट शक्ती पुरते. संरोध म्हणजे बदलत्या प्रवाहास मंडलाकडून होणारा एकूण विरोध. तो ओहममध्ये मोजतात.

जुन्या स्पीकरचा संरोध सामान्यतः ४ किंवा ८ ओहम असतो. काही जुन्या संचांत तो १५ किंवा १६ ओहमही आढळतो. समजा, १ व्होल्टचा दाब ८ ओहमच्या स्पीकरवर टिकून राहिला, तर मिळणारी शक्ती दाबाच्या वर्गास संरोधाने भागून काढता येते. ती १ ÷ ८, म्हणजे ०.१२५ वॉट इतकी येते. प्रत्यक्षात हेडफोनचे मंडल यासाठी लागणारा प्रवाह पुरवण्यास बनवलेले नसल्याने एवढीही शक्ती शुद्ध स्वरूपात मिळत नाही. आवाज क्षीण आणि खरखरीत येतो, खालचे स्वर नाहीसे होतात आणि संगणकाच्या ध्वनिमंडलावर अकारण ताण पडतो.

ॲम्प्लिफायर संगणकाकडून केवळ संकेताचा आकार घेतो आणि स्पीकर हलवण्यासाठी लागणारी शक्ती घरातील वीजपुरवठ्यातून पुरवतो. संगणकाच्या दृष्टीने ॲम्प्लिफायरचा भार नगण्य असतो, कारण त्याच्या प्रवेशमार्गाचा संरोध सामान्यतः काही हजार ओहम किंवा त्याहून अधिक असतो.

स्पीकरची पूर्वतपासणी

जोडणीपूर्वी स्पीकर सुस्थितीत आहेत की नाहीत हे पुढील क्रमाने तपासता येते.

१. पेटीच्या मागील पट्टीवरील अक्षरे वाचावीत. तेथे संरोध ओहममध्ये आणि क्षमता वॉटमध्ये दिलेली असते. दोन्ही पेट्यांवरील आकडे सारखे असावेत.

२. पुढची जाळी काढून शंकू पाहावा. शंकूभोवतीची कड कापडाची किंवा रबराची असल्यास ती अनेक दशके टिकते. पॉलियुरेथेन फोमची कड मात्र कालांतराने विरते आणि बोट लावताच तिचा भुगा होतो. अशी कड नवी बसवता येते. तेवढ्यासाठी स्पीकर टाकून देण्याचे कारण नाही.

३. मोठ्या शंकूच्या दोन बाजूंना बोटे ठेवून तो अगदी हलक्या हाताने सरळ आत दाबावा. खरवडल्यासारखा आवाज आल्यास वेटोळे फटीत घासत आहे असे समजावे.

४. मल्टिमीटरने दोन टोकांमधील रोध मोजावा. मल्टिमीटर एकदिश प्रवाहाचा रोध दाखवतो आणि तो लिहिलेल्या संरोधापेक्षा थोडा कमी असतो. ८ ओहमच्या स्पीकरवर सुमारे ६ ते ७ आणि ४ ओहमच्या स्पीकरवर सुमारे ३ ते ३.५ ओहम हे वाचन सर्वसाधारण समजले जाते. वाचन शून्याजवळ असल्यास आत शॉर्ट झालेले असते. काहीच वाचन न आल्यास वेटोळे किंवा तार तुटलेली असते.

५. दीड व्होल्टचा साधा सेल दोन टोकांना क्षणभर टेकवावा. ‘टक्’ असा आवाज येऊन मोठा शंकू हलला, तर वूफर जिवंत आहे. वरचे स्वर देणाऱ्या लहान स्पीकरची, म्हणजे ट्विटरची, परीक्षा या रीतीने होत नाही. त्याच्या मार्गात कपॅसिटर असतो आणि तो सेलचा स्थिर प्रवाह अडवतो. ट्विटर संगीत लावूनच तपासावा लागतो.

पेटीच्या आत स्वरांची विभागणी करणारे मंडल असते. त्यास क्रॉसओव्हर म्हणतात. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काळाच्या ओघात कोरडे पडतात आणि वरचे स्वर मंद होतात. ते बदलताना तेवढ्याच मूल्याचे आणि ध्रुवरहित कपॅसिटर वापरावे लागतात.

ॲम्प्लिफायरची निवड

घरात जुना ॲम्प्लिफायर किंवा ॲम्प्लिफायर असलेला टेप-संच चालू स्थितीत असल्यास तोच वापरणे सर्वांत सोपे ठरते. त्याच्या मागे ‘ऑक्झिलरी’, ‘ट्यूनर’, ‘टेप’ किंवा ‘सीडी’ असे लिहिलेले प्रवेशमार्ग असतात. यांपैकी कोणताही मार्ग संगणकासाठी चालतो. ‘फोनो’ असे लिहिलेला मार्ग मात्र वापरू नये. तो रेकॉर्ड प्लेअरच्या सुईकडून येणाऱ्या काही मिलिव्होल्टच्या संकेतासाठी असतो. रेकॉर्डवर खालचे स्वर कमी करून आणि वरचे वाढवून कोरलेले असतात. फोनो मार्ग त्याच्या उलट सुधारणा करतो. संगणकाचा शेकडो पट मोठा संकेत तेथे दिल्यास आवाज घुमट आणि पूर्णतः विरूपित येतो.

जुना ॲम्प्लिफायर नसल्यास लहान नवा घेता येतो. टीडीए २०३० यासारख्या एकसंध मंडलावर आधारलेल्या पट्ट्या भारतीय बाजारात दीर्घकाळ परिचित आहेत. अलीकडे ‘डी’ वर्गातील, कमी तापणारे आणि तळहाताएवढे ॲम्प्लिफायर मिळतात. टीपीए ३११६ हे त्यांतील एक प्रचलित मंडल आहे. या प्रकारच्या अनेक ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या ऋण टोकावरही संकेत असतो. अशा वेळी डाव्या आणि उजव्या स्पीकरची ऋण टोके एकमेकांना किंवा भूतारेला जोडल्यास ॲम्प्लिफायर जळू शकतो. काही जुन्या घरांत दोन्ही स्पीकरांसाठी एकच सामाईक परतीची तार भिंतीतून नेलेली असते. ती जोडणी येथे चालत नाही. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र तारा हव्यात.

शक्तीचा विचार करताना मोठ्या आकड्यांच्या मोहात पडण्याचे कारण नाही. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॉट शक्तीवर १ मीटर अंतरावर ८८ डेसिबलचा आवाज देतो आणि टेबलाजवळ बसणाऱ्यास तो पुरेसा मोठा असतो. शक्ती दुप्पट केल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानास आवाज सुमारे दुप्पट वाटण्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. त्यामुळे सामान्य खोलीसाठी प्रत्येक वाहिनीस १० ते २० वॉट देणारा चांगला ॲम्प्लिफायर पुरतो.

ॲम्प्लिफायरवर लिहिलेला किमान संरोध पाळणे मात्र अत्यावश्यक आहे. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच वाहिनीला समांतर जोडल्यास एकत्रित संरोध ४ ओहम होतो. एकसरीत जोडल्यास १६ ओहम होतो. किमान मर्यादेहून कमी संरोध जोडल्यास ॲम्प्लिफायरमधून अधिक प्रवाह वाहतो आणि तो तापून बिघडतो.

जोडणी

पिना आणि सॉकेट

१९९९ च्या सुमारास रूढ झालेल्या रंगसंकेतानुसार संगणकावरील हिरवे सॉकेट ध्वनी बाहेर देण्यासाठी, निळे ध्वनी आत घेण्यासाठी आणि गुलाबी मायक्रोफोनसाठी असते. हिरव्या सॉकेटमध्ये ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन बसते. या पिनचे टोक डाव्या वाहिनीचे, मधली कडी उजव्या वाहिनीची आणि मागचा भाग सामाईक भूजोडणीचा असतो. ॲम्प्लिफायरवर बहुधा दोन गोल आरसीए सॉकेट असतात. त्यांतील पांढरे डाव्यासाठी आणि लाल उजव्यासाठी असते. एका बाजूस ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या बाजूस दोन आरसीए पिना असलेली तयार केबल बाजारात सहज मिळते.

फिलिप्ससारख्या युरोपीय परंपरेतील संचांवर डिन या जर्मन मानकाची सॉकेट आढळतात. पाच टाचण्यांच्या डिन सॉकेटमध्ये मधली, म्हणजे दोन क्रमांकाची, टाचणी भूजोडणीची असते. ॲम्प्लिफायरवरील टेपच्या सॉकेटमध्ये संकेत आत देण्यासाठी सामान्यतः तीन क्रमांकाची टाचणी डाव्या आणि पाच क्रमांकाची उजव्या वाहिनीची असते. क्रमांक अर्धवर्तुळात १, ४, २, ५, ३ असे येतात.

अशाच संचांच्या स्पीकरना एक चपटी आणि एक गोल टाचणी असलेली डिन पिन असते. त्यातील गोल टाचणी धन आणि चपटी ऋण असते. ही पिन नव्या ॲम्प्लिफायरमध्ये बसत नाही. मूळ पिन कापण्यापेक्षा तिला बसणारे सॉकेट आणून त्याला दोन तारा जोडणे श्रेयस्कर. त्यामुळे स्पीकर मूळ संचालाही पुन्हा जोडता येतो.

स्पीकरच्या तारा

तार जितकी लांब आणि बारीक, तितका तिचा रोध अधिक. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा ५ मीटर अंतरासाठी जाण्यायेण्याचा एकूण रोध सुमारे ०.१३ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरच्या तुलनेत तो दोन टक्क्यांहून कमी आहे. टेबलावरील जोडणीस साधी दोनपदरी तांब्याची तार पुरते. महागड्या तारांची आवश्यकता नसते. दोन्ही बाजूंच्या तारा एकाच जाडीच्या असाव्यात. उघड्या टोकांचे सुटे धागे पिळून घ्यावेत, कारण एक धागा जरी शेजारच्या टोकाला टेकला तरी शॉर्ट होतो.

जोडणीचा क्रम

सर्व उपकरणांचा वीजपुरवठा बंद करून प्रथम स्पीकर ॲम्प्लिफायरला जोडतात, नंतर ॲम्प्लिफायर संगणकाला. ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर ठेवून प्रथम संगणक आणि शेवटी ॲम्प्लिफायर सुरू करतात. बंद करताना क्रम उलटा असतो: आधी ॲम्प्लिफायर, मग संगणक. असे केल्याने संगणक सुरू किंवा बंद होतानाचा ‘धप्’ असा धक्का स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. संगणकावरील आवाज तीनचतुर्थांशाच्या पुढे स्थिर ठेवून नित्याचे नियंत्रण ॲम्प्लिफायरच्या बटणाने केल्यास पार्श्वभूमीची खरखर कमी राहते.

लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून सतत खरखर येत असल्यास यूएसबी मार्गाने जोडायचे बाह्य ध्वनिकार्ड वापरता येते. अंकीय माहितीचे ध्वनिसंकेतात होणारे रूपांतर त्यामुळे संगणकाच्या आतील विद्युत गोंगाटापासून दूर होते. ब्लूटूथचा ग्राहक जोडून तारेविनाही ध्वनी नेता येतो; मात्र चित्रफीत पाहताना ओठांची हालचाल आणि आवाज यांत किंचित अंतर जाणवू शकते.

ध्रुवता आणि वाहिन्यांची परीक्षा

स्पीकरच्या दोन टोकांपैकी लाल टोक धन आणि काळे ऋण असते. ॲम्प्लिफायरचे लाल टोक स्पीकरच्या लाल टोकाला, हाच नियम दोन्ही बाजूंना पाळला पाहिजे. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्यास काहीही जळत नाही, पण एक शंकू बाहेर येत असताना दुसरा आत जातो. परिणामी खालचे स्वर परस्परांना छेदतात आणि गायकाचा आवाज कोठून येतो ते समजेनासे होते.

ही परीक्षा कानाने करता येते. त्यासाठी मोनो ध्वनिमुद्रण उत्तम, कारण त्यात दोन्ही वाहिन्यांवर अगदी एकच संकेत असतो. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली प्रसारित झाले. त्या काळातील मोनो ध्वनिमुद्रण दोन्ही स्पीकरांच्या मधोमध बसून ऐकल्यास गायकाचा आवाज समोरून, रिकाम्या जागेतून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो विस्कटलेला आणि पोकळ वाटल्यास एका स्पीकरच्या तारा उलटून पाहाव्यात. लाल-काळ्या खुणा पुसल्या गेल्या असल्यास सेलची चाचणी उपयोगी पडते: सेलचे धन टोक लावल्यावर दोन्ही पेट्यांतील मोठे शंकू एकाच दिशेने हलले पाहिजेत.

डावे-उजवे तपासण्यासाठी संगणकाच्या ध्वनी-मांडणीतील वाहिनी-चाचणी वापरतात. दोन्ही बाजूंनी नेहमी सारखाच आवाज येत असल्यास संगणकात किंवा जुन्या ॲम्प्लिफायरवर मोनोचे बटण चालू राहिलेले नाही ना, ते पाहावे.

घरघर आणि तिचे निवारण

जोडणी पूर्ण झाल्यावर सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे संथ घरघर. भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ कंप्रतेचा आहे. संगणक आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडलेले असल्यास केबलच्या भूतारेसह एक बंद वळसा तयार होतो. त्यातून वाहणारा अल्प प्रवाह घरघरीच्या रूपाने ऐकू येतो. दोन्ही उपकरणे एकाच विस्तार-फलकावर लावल्यास हा दोष पुष्कळदा कमी होतो. तरीही राहिल्यास ध्वनिमार्गात बसवायचा लहान विलगक ट्रान्सफॉर्मर वापरतात.

लॅपटॉपचा चार्जर काढून तो केवळ बॅटरीवर चालवल्यास दोष शोधणे सोपे जाते. घरघर थांबली, तर कारण चार्जर आणि अर्थिंगमध्ये आहे. संगणकाची केबल काढल्यावरही घरघर कायम राहिली, तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये आहे; जुन्या संचात वीजपुरवठ्याचे कपॅसिटर क्षीण झाल्याने १०० हर्ट्झची घरघर येते. आवाजाचे बटण फिरवताना होणारी खरखर बटणाच्या आतील धुळीमुळे असते आणि ती योग्य द्रावणाच्या फवाऱ्याने बहुधा जाते. कूलर किंवा फ्रिज सुरू होताना ऐकू येणारा ‘टिक्’ हा आवाज वीजवाहिनीतून येतो. कूलर आणि ध्वनिसंच वेगवेगळ्या बोर्डांवर ठेवल्यास तो कमी होतो.

घरघर घालवण्यासाठी तीन टाचण्यांच्या पिनमधील अर्थिंगची मोठी टाचणी काढून टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. ती घातक आहे. उपकरणात बिघाड होऊन धातूच्या पेटीत वीज उतरल्यास माणसाचा जीव वाचवणारा मार्ग तोच असतो.

मांडणी

दोन्ही स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्विटर कानाच्या उंचीवर यावा आणि पेट्या किंचित आत वळवलेल्या असाव्यात. पेटी भिंतीच्या कोपऱ्यात टेकवल्यास खालचे स्वर फुगतात. टेबल थरथरत असल्यास पेटीखाली रबराचे तुकडे ठेवावेत.

जुन्या स्पीकरच्या चुंबकांना बहुधा चुंबकीय कवच नसते. जुन्या पद्धतीच्या नळीच्या पडद्याजवळ ते ठेवल्यास पडद्यावर रंगांचे डाग पडतात. आजच्या सपाट पडद्यांना हा धोका नाही. मात्र कॅसेट आणि इतर चुंबकीय फिती स्पीकरजवळ ठेवू नयेत. त्यांवरील मुद्रण पुसट होऊ शकते.

सुरक्षितता

अनेक वर्षे बंद असलेला ॲम्प्लिफायर थेट विजेच्या सॉकेटला लावणे धोक्याचे असते. दुरुस्ती करणारे कारागीर ट्रान्सफॉर्मर असलेला असा संच प्रथम मालेत जोडलेल्या तारेच्या दिव्यातून चालवून पाहतात. त्यास बोलीभाषेत ‘सिरीज बल्ब’ म्हणतात. दिवा क्षणभर उजळून मंद झाला, तर संच बहुधा ठीक असतो. दिवा पूर्ण तेजाने पेटत राहिला, तर आत शॉर्ट आहे. हे काम जाणकारानेच करावे. व्हॉल्व्हच्या संचात २५० ते ३०० व्होल्टचा दाब असतो आणि पिन काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ साठून राहतो. विद्यार्थ्यांनी असा संच उघडू नये.

स्पीकरच्या तारा कधीही विजेच्या सॉकेटमध्ये जाऊ शकतील अशा पिनेला जोडू नयेत. जुन्या घरांत दोन टाचण्यांची साधी वीजपिन स्पीकरला बसवलेली आढळते. ती चुकून भिंतीतील सॉकेटमध्ये गेल्यास स्पीकर जळतो आणि अपघात संभवतो. अशी पिन प्रथम काढून टाकावी.

लहान ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे वाजवल्यास ध्वनी फाटतो. फाटलेल्या ध्वनीत उच्च कंप्रतेची ऊर्जा वाढते आणि नाजूक ट्विटर जळतात. आवाज फाटू लागताच तो कमी करणे हाच उपाय होय.

ध्वनिमर्यादा आणि पुनर्वापर

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. सदरसारख्या दाट वस्तीत सामाईक भिंतींतून खालचे स्वर शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे स्पीकर भिंतीपासून दूर ठेवणे दोन्ही घरांच्या हिताचे असते.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दुरुस्तीपलीकडे गेलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जावीत, अशी त्यांमागील अपेक्षा आहे. स्पीकरबाबत मात्र त्याआधीचा टप्पा महत्त्वाचा आहे. चुंबक क्वचितच निकामी होतो, लाकडी पेटी जपल्यास दशके टिकते आणि कड, कपॅसिटर व तारा हे झिजणारे भाग बदलता येतात. तपासणीत वेटोळे शाबूत आढळल्यास, लहानसा ॲम्प्लिफायर आणि एक केबल एवढ्या सामग्रीवर जुने स्पीकर पुन्हा घरात बोलते करता येतात.